शेजारच्या ताटातली चव

माझा नवरा एका बिस्किटांच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करतो. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ते बसल्या जागी घाम काढणारं काम आहे. पांढऱ्या भिंतींची खोली, बिस्किटाचा रंग कळू नये म्हणून लाल दिवा, समोर छोट्या बशा, कोमट पाण्याचा पेला आणि बाजूला थुंकायचं भांडं. एका बशीतलं लोणी जरा जास्त तापलंय, दुसरीत मीठ किंचित कमी पडलंय, हे त्याने एका तुकड्यावरून सांगायचं. कारखान्यात त्याला सगळे 'जिव्हासाहेब' म्हणतात. पुढच्या दाराने चिडवतात आणि मागच्या दाराने स्वतःच्या घरचं लोणचं चाखायला आणून देतात.

मी लोकांचे कान तपासते. आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक शिट्टीसारखा स्वर सोडायचा आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. स्वर सोडलेलाच नसताना बोट वर करणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच ऐकू आलेलं असतं. त्यामुळे कुणी काही विलक्षण सांगायला लागलं की मी आधी शांतपणे ऐकून घेते आणि मग तपासते. ही सवय आहे माझी.

गेल्या वर्षी नवऱ्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेवरचं सगळं पुसून गेला. पहिल्याच सकाळी चहाचा घोट घेऊन तो कपात बघत राहिला.

"काय घातलंस यात?"

"नेहमीचंच."

"काही लागतच नाहीये गं. नुसतं गरम लागतंय."

डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला, नाक पाहिलं आणि परत येईल किंवा येणार नाही, असं सांगून आमची बोळवण केली. कारखान्याने समजुतीने घेतलं. पण त्यांच्याकडे चव घेणाऱ्यांची वर्षातून एकदा परीक्षा असते. तीत नापास झाला असता तर त्याला खोकी चिकटवायच्या विभागात पाठवणार होते. तो याबद्दल बोलायचा नाही. जेवायला बसला की घास तोंडात घोळवत छताकडे बघायचा. घरात किल्ली हरवलेला माणूस खिसे चाचपत राहतो ना, तसा.

शेवटी माझ्या नणंदेने तोंड उघडलं. तिला आडपडदा माहीत नाही.

"वहिनी, राग मानू नकोस, पण तुझ्या हातचं खाऊन त्याची जीभ झोपली आहे. उठव तिला! दर शनिवारी दुपारी चांगल्या हॉटेलात घेऊन जा. जिथे कपडे बघून आत सोडतात तिथे."

राग यायला हवा होता. पण मला कल्पना भयंकर आवडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही कधी आमच्या दोघांसाठी असे बाहेर पडलोच नव्हतो. मी कपाटातून मागे पडलेला निळा ड्रेस काढला. त्याने बुटांना पॉलिश केलं. आमच्या शहरात खाण्याची हौस फार, आणि चांगल्या हॉटेलांना तोटा नाही. आम्ही नदीकाठच्या जुन्या टपाल कचेरीपासून सुरुवात केली. आता तिथे हॉटेल आहे, पितळी खिडक्या तशाच ठेवल्या आहेत आणि टेबलांवर इतकं कडक खळ घातलेलं कापड की हात टेकवला तर आवाज येतो.

तो चघळायचा आणि मी सांगायची. "वरून खरपूस आहे, आत लोण्यासारखं. शेवटी मिरी येते, हळूच, चोरपावलांनी."

"छान सांगतेस," तो म्हणाला. "पण रेडिओवर सामना ऐकल्यासारखं वाटतं."

आम्ही इतके हसलो की पलीकडच्या बाई वळून बघायला लागल्या. त्या दिवशी त्याला चव आली नाही, पण घरी परत येताना तो शीळ घालत होता.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारची गोष्ट. हे हॉटेल टेकडीच्या चढावर, तीन बाजूंनी काचा. खाली छपरांचा लाल उतार. त्याने बटाट्याचं सूप मागवलं होतं, मी मासा. मी पहिला घास घेतला आणि त्याचा चमचा वाडग्यात पडला.

"लिंबू," तो म्हणाला.

"काय?"

"लिंबू! आणि लोणी. आणि ती हिरवी पानं, काय म्हणतात त्यांना, बडीशेपेसारखा वास येतो ती!"

त्याच्या सूपात लिंबू नव्हतं. मी चाखून पाहिलं. लिंबू होतं माझ्या माशावर.

मी त्याला डोळे मिटायला लावले. मग माझ्या ताटातला एक तुकडा घेतला, मुद्दाम कडेचा, करपलेला. "करपलंय," तो लगेच म्हणाला. मी पाणी प्यायले. "गेलं." मी पाव खाल्ला. "पाव, आंबवलेला." मी काहीच न खाता नुसतं खाण्याचं नाटक केलं, काटाही ताटावर वाजवला. तो थांबला, भुवया उंचावल्या. "काही नाही. फसवू नकोस."

डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. टेबलाखाली त्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

घरी आल्यावर आम्ही लगेच प्रयोग सुरू केले. मीठ, साखर, कॉफीची पूड, कारल्याचा रस, मी एकेक चाखत गेले. काही नाही. शेजारीण आली, तिला लाडू खायला लावला. काही नाही. म्हणजे हे फक्त बाहेर, हॉटेलातच होत होतं. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी माझ्या मनाला समजावलं की ज्या स्वराला कान बहिरा होतो, कित्येकदा नेमका तोच स्वर कानात वाजत राहतो, तसं काहीतरी असेल. पण त्याने करपलेला तुकडा ओळखला होता. त्या गोष्टीला माझं स्पष्टीकरण पुरत नव्हतं आणि हे मला माहीत होतं.

खरं सांगायचं तर मला त्याची फिकीरही नव्हती. इतकी मजा मी कधी केली नव्हती!

पुढच्या शनिवारी हा प्रकार माझ्या ताटापुरता उरला नाही. आम्ही बागेतल्या काचघरात जेवत होतो, कुंड्यांच्या मधोमध. तो एकदम ताठ झाला आणि कुजबुजला, "मोहरी. तिखट. नाकात गेली." मी हळूच मान वळवली. खांबाआडच्या टेबलावर एक टक्कल पडलेले गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते, समोर मांसाच्या कापांशेजारी पिवळी मोहरी.

मग तो आमचा खेळच झाला. तो सांगायचा, मी शोधायची. "कुणीतरी चॉकलेट खातंय, पण कडू." मी हात धुवायला जाण्याच्या निमित्ताने उठायची, टेबलांमधून फिरायची आणि परत येऊन सांगायची, "दाराजवळची लाल झग्यातली." तो टाळ्या वाजवायचाच काय तो बाकी राहायचा. एकदा म्हणाला, "यात मीठ दोनदा पडलंय, थांब बघ." खरोखरच थोड्या वेळाने एका तरुण जोडप्याने ताट परत पाठवलं. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे रुमाल तोंडात कोंबून हसलो. आठवडाभर मी कान तपासत असे आणि मनात शनिवार मोजत असे. निळा ड्रेस कमरेत घट्ट व्हायला लागला, त्याचंही मला हसू यायचं. गंमत म्हणजे त्या दिवसांत मी ताटातलं निम्मं टाकत होते. बसल्यावर पोट भरल्यासारखंच वाटायचं.

"परीक्षेचं काय?" नणंदेने विचारलं. "तिथे तर याने याचंच खायचं आहे ना?"

ते खरं होतं. त्याच्या स्वतःच्या ताटातलं त्याला अजून काहीही लागत नव्हतं.

जर्दाळू पहिल्यांदा आलं ते नाट्यगृहाशेजारच्या हॉटेलात. आम्ही लवकर पोचलो होतो. दालन पूर्ण रिकामं. वेटर अजून पेले पुसत होता. आमच्यासमोर पाण्याशिवाय काही नव्हतं.

"जर्दाळू," नवरा म्हणाला. "शिजवलेलं. दूध आहे, जरा उतू गेलेलं. आणि..." त्याने जीभ गालात फिरवली. "लोखंड. नाही, तार. दातांना तार लावलेली असते तशी."

मी सभोवार पाहिलं. कुणी नव्हतं.

"आत स्वयंपाकघरात कुणी खात असेल."

त्याने वेटरला बोलावलं. "काय हो, आज जर्दाळूचं काही केलंय का आत?"

वेटरने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "विचारून येतो, साहेब." थोड्या वेळाने आचारीणबाईच बाहेर आल्या, कोपरापर्यंत पीठ, चेहरा हसरा.

"जर्दाळू? नाही हो, आमच्याकडे नाही."

"बीसकट शिजवलेलं," तो म्हणाला. "आता बी चोखणं चाललंय."

"बीसकट कोण वाढेल? गिऱ्हाइकाचा दात पडायचा!" बाई हसल्या आणि गेल्या. वेटर मात्र आमच्या टेबलाला वळसा घालून, माझ्या बाजूने न येता, भिंतीकडून गेला.

पुढच्या शनिवारी वेगळं हॉटेल, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुन्हा जर्दाळू. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आता बाकीच्या टेबलांवरच्या चवी विरत चालल्या आणि ही एकच राहिली, दर वेळी जास्त ठळक.

"तेच माणूस आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "खाण्याची पद्धत ओळखतो मी आता. डाव्या बाजूने चावतं. सावकाश. एक घास, मग बराच वेळ काही नाही. बी मात्र टाकून देत नाही लवकर, चोखत बसतं. फार दिवसांनी खायला मिळाल्यासारखं."

"बाई की पुरुष?"

"बाई. म्हातारी." तो स्वतःच चकित झाला. "का ते विचारू नकोस."

शोधायचंच, असं आम्ही ठरवलं. मला वाटतं, लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं जितके उत्तेजित होतो त्याहून जास्त त्या आठवड्यात होतो. आवाज कुठून येतो हे शोधायची पद्धत मला ठाऊक होती. ऐकणाऱ्याने जागेवर राहायचं आणि कमीजास्त सांगत राहायचं. चवीलाही तेच लावायचं. त्याने टेबलावर बसून राहायचं. चव वाढली की बोट वर, कमी झाली की खाली. मी हॉटेलभर हिंडून प्रत्येक ताट पाहायचं.

ते हॉटेल एका उंच इमारतीच्या गच्चीवर होतं. भर दुपार, स्वच्छ ऊन, पांढऱ्या छत्र्या आणि खाली दूरवर गाड्यांची मुंगीरांग. बऱ्यापैकी गर्दी होती. आम्ही बसलो आणि त्याने लगेच मान डोलावली. चालू होतं.

मी उठले. छत्र्यांमधून चालत गेले. एका कुटुंबापुढे भाजलेली कोंबडी, दोन मैत्रिणींपुढे हिरवी पानं, एका एकट्या माणसापुढे आमलेट. वळून पाहिलं तर त्याचं बोट खाली आलेलं. मी आणखी पुढे, कठड्यापर्यंत गेले. त्याने हात टेबलावर सपाट ठेवला. काहीच लागत नव्हतं.

परत यायला लागले तसं त्याचं बोट उठायला लागलं.

मी जिन्याच्या बाजूला गेले. बोट खाली. परतले. बोट वर.

मी खुर्चीजवळ येऊन उभी राहिले तेव्हा त्याने हात पुरता उंच केला होता, वर्गातल्या हुशार मुलासारखा, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"इथेच आहे! एकदम जवळ! कुणाकडे पाहिलंस तू?"

"कुणाकडेच नाही," मी म्हणाले.

मी बसले. आमचं जेवण आलं. त्याच्यापुढे मशरूमचं सूप, माझ्यापुढे भाजलेल्या भाज्या. मी काट्याला हात लावला नाही.

"आता बी चोखतेय," तो म्हणाला.

वाऱ्याने छत्रीची झालर फडफडली.

"डाव्या गालात आहे. आता जिभेने फिरवली. आता दातांवर आपटली, तारेवर."

मला तो आवाज आला. बारीक, कट् असा. कानाने नाही. हाडातून येतो तसा.

माझ्या दातांना तार नाही. कधीच नव्हती.

"आता टाकणार बघ," तो म्हणाला.

मी रुमाल तोंडाला लावला.

रुमालात जर्दाळूची बी पडली. चोखून चोखून गुळगुळीत झालेली, गरम.

मी रुमालाची घडी केली. पुन्हा केली. मांडीवर ठेवली. ओरडावंसं वाटलं नाही, हे आठवतं. फक्त डाव्या जबड्यात दमल्यासारखी कळ होती, फार वेळ चावत बसल्यावर येते तशी.

"गेली," नवरा म्हणाला. मग त्याने सहज, सवयीने, सूपाचा चमचा तोंडात घातला.

आणि तो रडायला लागला.

"अगं," तो म्हणाला, "अगं, मशरूम. माझ्या ताटातलं! माझंच! जायफळ आहे यात, किती कमी घातलंय, तरी लागतंय मला!" त्याने दुसरा चमचा घेतला, तिसरा. पाव तोडला, मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं, पाणीसुद्धा घोळवून प्यायला. "पाण्याला चव असते गं! विसरलोच होतो मी!" शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडे बघून हसत होती. आनंद असा पसरतो. कुणीतरी टाळीही वाजवली.

सोमवारी तो कारखान्याच्या परीक्षेला बसला आणि पहिला आला. नणंद श्रेय घ्यायला मिठाई घेऊन आली. ते सगळं छान झालं, आणि त्याच्या वाट्याचं ते सुख मी काढून घेणार नाही. म्हणून रुमालात काय होतं हे मी त्याला त्या दुपारी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

पण सांगायचं राहिलं ते निघतानाचं.

तो सूपाचं वाडगं पावाने पुसत होता. वेटर ताटं उचलायला आला. त्याने माझं न खाल्लेलं ताट उचललं, काही विचारलं नाही. मग वाकून माझ्या डाव्या हाताशी एक पांढरी बशी ठेवली. तीत बिया होत्या. स्वच्छ, एकाशेजारी एक लावलेल्या. कडेची एक अजून ओली होती.

"मॅडम, या तुमच्या आधीच्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "टाकू नका म्हणाला होतात."

"पुढच्या शनिवारी कुठे जायचं?" नवऱ्याने विचारलं. त्याचे गाल लाल झाले होते. इतका देखणा मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "तू सांग. आज तू म्हणशील तिथे!"

मला उत्तर द्यायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं.